अवघड आणि अडवलेलं

डूम हा १९९३ सालचा संगणकावरचा खेळ. हातात बंदूक घेऊन अंधाऱ्या बोळांतून पळायचं आणि समोर येईल त्या राक्षसाला उडवायचं, एवढंच त्यात. पण उचापती तंत्रज्ञांना या खेळाचं असं वेड, की पडदा असलेलं कुठलंही यंत्र दिसलं की त्यावर डूम चालवून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये लास वेगसला डेफ कॉन ही हॅकर मंडळींची जत्रा भरली, तेव्हा ‘सिक कोड्स’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका संशोधकाने जॉन डिअर कंपनीच्या ट्रॅक्टरच्या पडद्यावर डूम चालवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या अर्थातच खेळासाठी नव्हत्या. ज्या यंत्राच्या पोटात कंपनीच्या परवानगीशिवाय कोणाला शिरता येत नाही असा बोलबाला होता, ते या गड्याने महिनोन्महिने खटपट करून आतून ताब्यात घेतलं होतं.

पुढे वीस महिन्यांनी, एप्रिल २०२४मध्ये, स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने गवत कापणाऱ्या आपल्या रोबोटच्या काही मॉडेलांवर हाच खेळ स्वतःच चढवून दिला. यंत्रावरची गोल कळ फिरवली की वळायचं, दाबली की गोळी सुटायची. उन्हाळा सरला, एक अपडेट आलं आणि खेळ आला तसा निघून गेला.

त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. गवत पूर्वीसारखंच कापलं जात राहिलं. तरी ही दोन दृश्यं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. खेळ तोच, आणि दोन्ही यंत्रांचे पैसे कोणीतरी रोख मोजलेले. एकीकडे तो घरफोडी ठरतो, दुसरीकडे सणासुदीची भेट. फरक आहे तो किल्ली कोणाच्या कमरेला आहे, एवढाच.

हे लिहिणारा माणूस बैलजोडीच्या आठवणींनी गहिवरणारा नाही. आमच्या काजूच्या बागेत पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येतं. ते कोयत्याने कापायला चार गडी चार दिवस लागत, आणि आता गडीही मिळत नाहीत. पाठीला अडकवायचा पेट्रोलचा ग्रासकटर आला आणि आमचे दिवस फिरले. तो बंद पडला की तालुक्याच्या गावी एका मेस्त्रीकडे न्यायचा. त्याचं दुकान म्हणजे बंद हॉटेलाच्या पडवीत मांडलेलं एक टेबल. दोरी ओढून इंजिन चालू करतो, मान तिरकी करून ऐकतो आणि म्हणतो, ‘हिला पेट्रोल कमी पडतंय.’ मग कार्बोरेटरचा स्क्रू नखभर फिरवतो. आवाज बसतो. हा नखभर नेमका किती, हे त्याला शिकायला दहा वर्षं लागली असं तो सांगतो. मला जन्मात जमणार नाही.

एका वर्षी नवा ग्रासकटर घेतला तर त्याच्या स्क्रूचं डोकं भलतंच. ना चपटा पेचकस बसे, ना चौफुलीचा. हे स्क्रू अमेरिकेतल्या धूर-नियमांचे वंशज. लहान इंजिनांच्या मालकांनी कार्बोरेटर मनमानी फिरवून हवा खराब करू नये, म्हणून तिथल्या पर्यावरण खात्याने फेरफारावर मर्यादा घातली. मग कंपन्यांनी स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवल्या, डोक्यांना चित्रविचित्र आकार दिले. एका आकाराला तर ‘पॅकमॅन’ असंच नाव पडलं. काही दिवसांतच त्या आकाराचे पेचकसही बाजारात आले. आमच्या मेस्त्रीने तेवढीही वाट पाहिली नाही. जुन्या रेडिओच्या अँटेनाचा तुकडा कापला, तोंड जरा चेपलं, स्क्रूवर दाबला आणि फिरवला.

मला जे म्हणायचं आहे ते या अँटेनाच्या तुकड्यापाशी सुरू होतं. यंत्र दुरुस्त होत नाही याची कारणं दोन जातीची असतात. एक म्हणजे ते अवघड असतं. दुसरं म्हणजे ते अडवलेलं असतं. अवघड गोष्ट माणूस शिकतो. पाच वर्षं लागोत, दहा लागोत, हात बसतो. अडवलेली गोष्ट शिकून येत नाही, तिला परवानगी लागते. विचित्र डोक्याचा स्क्रू ही अडवणूकच होती, पण ती धातूची होती आणि धातूला धातू भेटतो. यंत्रांमध्ये सॉफ्टवेअर आलं तसं अवघडपण खरोखरच वाढलं. त्या वाढलेल्या अवघडपणाच्या आडून अडवणूकही आत आली, आणि आता दोन्हीला एकच नाव मिळालं आहे: ‘तंत्रज्ञान’. कंपन्यांचा सगळा युक्तिवाद या एका नावावर उभा आहे.

आधी खरं अवघडपण मान्य करू. झाडं तोडायच्या साखळी करवतीत गेल्या दीड दशकात मोठा बदल झाला. श्टिल या जर्मन कंपनीची एम-ट्रॉनिक आणि हुस्कवर्नाची ऑटोट्यून या पद्धतींमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण इंजिन स्वतःच सांभाळतं. डोंगरावर हवा विरळ झाली, थंडी पडली, फिल्टरमध्ये भुसा अडकला, तरी ते स्वतःला जुळवून घेतं. २०१९मध्ये श्टिलने एमएस ५००आय ही करवत आणली. तिच्यात कार्बोरेटरच नाही. मोटारीसारखं इंधन फवारलं जातं. दिवसभर जंगलात राबणाऱ्या माणसाला विचारा, तो यातलं काही परत करणार नाही. एम-ट्रॉनिकचं गणित बिघडलं तर ते पुन्हा बसवायची रीत मालकाला स्वतः करता येते. करवत चालू करून ठरलेला वेळ तशीच राहू द्यायची, की ती आपली आपण जुळते. इथपर्यंत अवघडपण आहे, अडवणूक नाही. तक्रार पुढच्या पायरीवर सुरू होते. बिघाड याच्या पलीकडचा असेल तर निदानाचं उपकरण अधिकृत विक्रेत्याकडेच असतं, आणि तो विक्रेता किती कोसांवर आहे याच्याशी तुमच्या पडलेल्या झाडाला काही देणंघेणं नसतं.

धातूच्या कुलपाला अँटेनाचा तुकडा पुरला. सॉफ्टवेअरच्या कुलपालाही त्याच्या जातीचा तुकडा सापडतोच, डेफ कॉनला सापडला तसा. मग ही कुलपं एवढी टिकतात कशी? त्यांच्यामागे कायदा उभा आहे म्हणून. १९९८ साली अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट झाला. त्यातलं कलम १२०१ म्हणतं, की कॉपीराइट असलेल्या कृतीवरचं तांत्रिक कुलूप तोडणं हेच बेकायदा. डोळ्यांसमोर तेव्हा चोरून छापल्या जाणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडी होत्या. ट्रॅक्टर कोणाच्या मनातही नसणार. पण इंजिन चालवणारा प्रोग्रॅमही लेखनच, म्हणून त्यालाही कॉपीराइट, म्हणून त्याचं कुलूपही पवित्र. धंद्यासाठी जाणूनबुजून ते तोडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड. सिनेमाची चोरी थांबवायला विणलेल्या जाळ्यात नांगर अडकला.

या कायद्यात दर तीन वर्षांनी सवलती मागायची सोय आहे. २०१५च्या फेरीत शेतकऱ्यांच्या बाजूने सवलत मागितली गेली, तेव्हा जॉन डिअरने कॉपीराइट कार्यालयाला लिहून दिलं, की वाहन चालवायचा एक गर्भित परवाना मालकाला त्या वाहनाच्या आयुष्यापुरता मिळतो. वाक्य वकिली आहे, पण त्याचा अर्थ सरळ आहे: लोखंड तुमचं, त्यातला जीव आमचा. सवलत तरीही मिळाली. २०१८मध्ये ती मालकाच्या वतीने काम करणाऱ्या मेस्त्रीपर्यंत वाढली. २०२१मध्ये घरगुती वापराच्या, सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या उपकरणांनाही दुरुस्तीपुरती लागू झाली.

वाचून वाटेल, सुटलो. पण कलमाचा दुसरा भाग पहा. कुलूप तोडायच्या कृतीला सवलत देता येते. तोडायचं साधन बनवण्या-विकण्याला सवलत द्यायचा अधिकारच या प्रक्रियेत नाही. म्हणजे आयोवातल्या शेतकऱ्याने स्वतःचं कुलूप स्वतः तोडावं, त्यासाठी लागणारी पहार मात्र त्याने स्वतःच्या डोक्यातून घडवावी! कुलूप तोडता येईल एवढा प्रोग्रॅम लिहू शकणारे शेतकरी किती असतील, हा हिशेब कायदा करणाऱ्यांनी मांडला असेल असं दिसत नाही. आमच्या मेस्त्रीला अँटेनाचा तुकडा चेपायची मुभा आहे, पण तो शेजारच्या मेस्त्रीला द्यायची नाही, असा हा न्याय.

अमेरिकेच्या न्यायालयांनी मात्र कधीकधी शहाणपण दाखवलं. २००४ साली गॅरेजच्या दाराच्या रिमोटवरून खटला झाला. दुसऱ्या कंपनीचा रिमोट आमच्या दाराच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडतो, अशी दार बनवणाऱ्या कंपनीची तक्रार. अपील न्यायालयाने ती फेटाळली. नक्कल होत नसेल, तर स्वतःच्या घराचं दार उघडणाऱ्या माणसाला कॉपीराइटचा धाक दाखवता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. दुर्दैवाने पुढे दुसऱ्या एका अपील न्यायालयाने निराळी वाट धरली आणि प्रश्न धुमसत राहिला.

ट्रॅक्टरचं पुढचं रामायण बरंच गाजलं आहे, म्हणून थोडक्यात. नवा सुटा भाग बसवला तरी यंत्र तो ओळखत नाही, जोवर विक्रेत्याचा माणूस लॅपटॉप जोडून होकार देत नाही. पीक कापणीला आलेलं, आकाशात ढग, आणि लॅपटॉपवाला दुसऱ्या जिल्ह्यात. जानेवारी २०२३मध्ये जॉन डिअरने अमेरिकन फार्म ब्युरोशी समजुतीचा करार केला, की आम्ही साधनं आणि माहिती रास्त दरात देऊ. बदल्यात ब्युरोने दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यांना पाठिंबा देऊ नये. चारच महिन्यांत कोलोरॅडो राज्याने शेती-यंत्रांसाठी असा कायदा करूनच टाकला. आणि जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांना सोबत घेऊन, कंपनीवर खटला भरला. आक्षेप नेमका होता: निदानाचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त विक्रेत्यांना, शेतकऱ्याला त्याची लंगडी आवृत्ती.

पण ट्रॅक्टरकडे निदान लोकांचं लक्ष तरी आहे. गवतकापे, करवती, जनरेटर, फवारे, बर्फ उडवायची यंत्रं या लहान भावंडांची गत पहायची असेल तर न्यूयॉर्कचा कायदा वाचावा. डिसेंबर २०२२मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही झाली आणि मोठा गाजावाजा झाला. त्या कायद्यात बागेच्या यंत्रांचा उल्लेख आहे, नाही असं नाही. फक्त तो वगळलेल्या वस्तूंच्या यादीत आहे. रस्त्याबाहेरची यंत्रं म्हणून शेती, जंगल, खाण, बांधकाम, हिरवळ, परसबाग अशी लांबलचक रांग लावून ती सगळी कायद्याच्या दाराबाहेर उभी केली आहेत. आउटडोअर पॉवर इक्विपमेंट इन्स्टिट्यूट ही या यंत्रांच्या उत्पादकांची संघटना अशा कायद्यांना उघड विरोध करत आली आहे. युरोपीय संघाचा २०२४चा दुरुस्ती-निर्देशही धुण्याची यंत्रं, फ्रिज, फोन असल्या ठरावीक वस्तूंचीच यादी धरून चालतो. गवतकापा त्यातही नाही.

कंपन्यांची बाजू ऐकायला हवी, आणि ती सगळी खोटी नाही. पहिला मुद्दा सुरक्षेचा: करवतीची साखळी मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या इंजिनावर पळते, अनाडी हाताने बोटं जातील. बोटं जातात हे खरंच आहे, पण ती साखळीने जातात, आणि साखळी बदलायला कोणी पासवर्ड मागत नाही. सगळ्यात धोक्याचा भाग मालकाच्या हाती आणि निरुपद्रवी सेन्सर कुलपात, ही सुरक्षेची कसली वाटणी? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मे २०२१मध्ये संसदेला दिलेल्या अहवालातही, दुरुस्ती रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणांना पुरावा तुटपुंजा आहे असं नमूद केलं आहे. पुढच्याच वर्षी त्या आयोगाने वेस्टिंगहाउस या नावाने जनरेटर विकणाऱ्या कंपनीला रोखलं. बाहेर दुरुस्ती केली किंवा बाहेरचा भाग लावला तर वॉरंटी जाईल, अशी अट ती घालत होती. ही अट १९७५च्या वॉरंटी कायद्याने बेकायदा आहे. सुरक्षेची एवढी काळजी होती, तर ती वॉरंटीच्या कागदात लपून का बसली होती?

धुराचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. लहान दोन-स्ट्रोक इंजिनं फार घाण धूर सोडतात, आणि जादा ताकदीसाठी प्रदूषण रोखणारी उपकरणं काढून फेकणारे लोक आहेत. मी त्यांची वकिली करणार नाही. पण दुरुस्त करणं म्हणजे यंत्र होतं तसं करणं, फेरफार म्हणजे नव्हतं तसं करणं. फेरफारासाठी शिक्षा ठेवा, कडक ठेवा. २०२३मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनीच शेतकरी संघटनेला कळवलं होतं, की हवेचा कायदा शेतकऱ्याला आपलं यंत्र दुरुस्त करण्यापासून रोखत नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीने खून होऊ शकतो म्हणून सुऱ्या सोनाराच्या तिजोरीत ठेवायला आपण सांगत नाही.

तिसरा मुद्दा चोरीचा, आणि तो सर्वांत मजेशीर. गवतकाप्या रोबोटला पिन असतो. चोराने उचलून नेला तरी तो चालत नाही. हे कुलूप मला मनापासून पसंत आहे, कारण त्याची किल्ली मालकाकडे आहे. आता मे २०२२ची बातमी आठवा. रशियन सैन्याने युक्रेनच्या मेलितोपोल शहरातल्या विक्रेत्याकडून जॉन डिअरची यंत्रं लुटली, थेट चेचन्यापर्यंत नेली, आणि तिथे ती चालेनात. दुरून बंद करून टाकलेली. जगाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर लक्षात येतं, की एक बटण दाबून हजार किलोमीटरवरची कापणी थांबवता येते. यावेळी ते बटण चोरावर चाललं. पण त्या बटणाला चोर आणि हप्ता थकवणारा शेतकरी, शत्रू आणि गिऱ्हाईक, यांच्यातला फरक कळत नाही. तो फरक बटण दाबणाराच जाणे.

आपल्याकडे हे कधी येईल? ते येऊन बसलं आहे. १ जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धूरमान लागू झालं आणि त्यांच्यात संगणकी नियंत्रणाचं इंजिन आलं. बहुतेक भारतीय ट्रॅक्टर त्याहून लहान असल्याने गावच्या फिटरचा धंदा अजून शाबूत आहे. जॉन डिअरचा ट्रॅक्टर आपल्या सणसवाडीत बनतो आणि कंपनीचं तंत्रज्ञान केंद्र पुण्यात मगरपट्ट्यात आहे, म्हणजे हा वाद साता समुद्रापलीकडचा मानायचं कारण नाही.

गंमत म्हणजे कायद्याच्या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा बरे आहोत, आणि आपल्याला ते ठाऊकही नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तरच. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी ते उघडायला मोकळीक आहे. आणि दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने काय करावं? त्याने कोणासाठी, कशासाठी उघडलं याची नोंद ठेवावी. अमेरिकेचा कायदा किल्लीवाल्याला गुन्हेगार मानतो, आपला त्याला वही ठेवायला सांगतो. शिवाय २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दलच. दंडाचं घोडं पुढे अपिलांत अडकलं, पण तत्त्व लिहून झालं आहे. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं घेतली. त्यातून एक पोर्टल निघालं. कंपन्यांनी स्वखुशीने माहिती टाकावी, अशी त्याची रीत. स्वखुशी हा फार सोशिक शब्द आहे.

माझ्या मते खरी दोरी दुसरीकडे आहे. ग्रासकटर, पॉवर टिलर, ट्रॅक्टर यांवर शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळतं. आपण महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरतो आणि वाट पाहतो. अनुदानाच्या यादीत बसायला यंत्राला मान्यताप्राप्त केंद्रावर चाचणी द्यावी लागते. मध्य प्रदेशातल्या बुधनीचं केंद्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे ताकद, इंधन, कंपन सगळं मोजतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना का नसावा? यंत्र जो बिघाडाचा संकेत दाखवतं त्याचा अर्थ पुस्तिकेत छापला आहे का, आणि भाग बदलल्यावर कंपनीला न विचारता ते चालू होतं का? सरकारचा पैसा घ्यायचा असेल तर एवढं उत्तर द्यावं. नवा कायदा, नवी समिती, काही लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मेस्त्रीकडे गेलो तेव्हा टेबलावर बॅटरीवरचा एक ग्रासकटर उघडा पडला होता. शेजारच्या गावातल्या कोणाचा तरी. बटण दाबलं की तीन लाल दिवे लुकलुकत आणि बंद. मेस्त्रीने मीटर लावून बॅटरीच्या आतले सगळे सेल एकेक करून मोजले होते. दाब सगळ्यांचा सारखा, मोटार ठीक, तारा ठीक. कदाचित त्या दिव्यांमागे खराच काही धोका असेल, आग लागण्याचा वगैरे. लिथियमचं सांगता येत नाही. पण तीन दिव्यांचा अर्थ पुस्तिकेत एवढाच दिला होता: अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. युरोपात २०२७च्या फेब्रुवारीपासून बॅटरी बदलण्याच्या आड सॉफ्टवेअर घालायला बंदी येते आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं.

‘यात बिघाड असता तर मी काढला असता, भाऊ,’ तो म्हणाला. ‘हे नुसतं नको म्हणतंय. का, ते सांगत नाही.’

मग त्याने झाकण लावलं, चारही स्क्रू परत आवळले, आणि गिऱ्हाइकाकडून मजुरी न घेताच यंत्र परत द्यायला भिंतीशी उभं करून ठेवलं.